यशोदेच्या हातातला डबा

आमच्या घरात छापील कागदाला फार मान होता. वाचणारं कोणी नव्हतं म्हणूनच असेल. माझ्या वडिलांना, आबांना, सहीपुरती अक्षरं यायची आणि आईला तीही येत नव्हती. दादा शिकलेला होता, पण तो नगरच्या लष्करी कॅम्पात कोठारावर नोकरीला लागला होता. महिन्यातून एखाद्या वेळी रेल्वेने यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत जायचा. राहता राहिले मी. मराठी चौथी झाली आणि माझं शाळेत जाणं थांबलं, पण तेवढ्या शिकण्यावर घरात आलेला प्रत्येक कागद माझ्यापुढे यायचा. वाण्याच्या पुडीचा कागद, काढ्याच्या बाटलीवरची चिठ्ठी, देवळात वाटलेलं पत्रक. आई चुलीपुढून हाक मारायची, "रंगे, बघ गं काय म्हनतंय त्ये." मी अतिशय लाजाळू होते. पाहुणे आले की धान्याच्या खोलीत जाऊन बसायची. पण हातात कागद असला की माझा आवाज फुटायचा, कारण तेव्हा मी बोलत नसायची, कागद बोलायचा. कागदावर चुकून पाय पडला तर आम्ही तो उचलून कपाळाला लावत असू, मग तो खताच्या जाहिरातीचा का असेना.

घर कालव्याच्या काठाला होतं. अंगणात उभं राहिलं की पलीकडे ऊसच ऊस, आणि वारं असलं की पानांचा असा आवाज यायचा की कोणी दळण चाळतंय असं वाटावं. साखर कारखान्याचा भोंगा दूरवरून ऐकू यायचा, त्यावर आईची कामं चालत. पहिल्या भोंग्याला शेण काढायचं, दुसऱ्याला भाकरी थापायच्या. सकाळी बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी, संध्याकाळी हुलग्याचं माडगं. ते गरम माडगं फुंकत पिताना सगळे गप्प असायचे. आबा तर नेहमीच गप्प. दिवसभरात ते बैलांशी जेवढं बोलत तेवढंही आमच्याशी बोलत नसत.

वहिनी या घरात आली तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन. तिचं नाव शेवंता. नेवाशाकडची, काळीसावळी, अंगाने काटकुळी, पण हात असा चपळ की आईसुद्धा कौतुकाने बघत राहायची. ती मला "वन्सं" म्हणायची आणि मी तिची सावली झाले होते. तिला सहावा महिना लागला तेव्हा दादाने ते चित्र आणलं. आमच्याकडे तेव्हा रीत होती, अजूनही कुठे कुठे असेल, की पोटुशी बाई रोज जे बघते तसं तिचं मूल होतं. म्हणून तिच्या बाजेसमोर बाळकृष्णाचं चित्र लावायचं आणि तिने उठता-बसता त्याच्याकडे बघायचं. दादाने हौसेने आणलं ते कॅलेंडर होतं, दुधाची भुकटी डब्यात भरून विकणाऱ्या एका कंपनीचं. खालची तारखांची पानं आईने काढून टाकली, चित्राला काच बसवून आणली आणि त्याची तसबीर झाली.

ते चित्र मी आजही डोळे मिटून सांगू शकते. यशोदा पाटावर बसली आहे. हिरवा शालू, नाकात नथ, पदर गळ्यापर्यंत नीट ओढलेला. मांडीवर बाळकृष्ण, मनगटांना वळ्या पडलेल्या, गुबगुबीत आणि गुलाबी गोरा. यशोदेच्या एका हातात निळा डबा आणि दुसऱ्या हातात चांदीचा चमचा. मागे खांबाला गाय, पण तिचं तोंड पलीकडे. खाली एक मडकं कलंडलेलं, आणि त्यातून काही सांडत नव्हतं, म्हणजे ते रिकामं होतं. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. आईने विचारलं, "काय म्हनतीया यशोदा?" कंपनी काय म्हणते असं तिने विचारलं नाही. मी वाचून दाखवलं, "ज्या मातेला आपल्या बाळाची खरी काळजी आहे, तिच्या घरी हा डबा असतोच." आईने हात जोडले. मग यशोदेला कुंकू लावलं, कृष्णाला लावलं, आणि जरा थांबून डब्यालाही एक बोट लावलं. देवीच्या हातातली वस्तू, तिला कशी वगळणार? मारुतीची गदा वगळतो का आपण?

आता मी सावेडीला नातवाच्या घरी राहते. तिथे टीव्ही दिवसभर चालू असतो. जाहिरात लागली की मी नातसुनेला आवाज बंद करायला सांगते आणि नुसतं चित्र बघते. ती हसते, म्हणते, आजी, आवाज नसला तर कळणार काय? मला तर तेव्हाच कळतं. त्या बाळकृष्णाच्या चित्रात आईचं दूध वाईट असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर माझ्या आईने ते चुलीत घातलं असतं आणि छापणाऱ्याला शिव्या दिल्या असत्या. पण गळ्यापर्यंत ओढलेला पदर, तोंड फिरवलेली गाय, रिकामं मडकं हे कोणी वाचून दाखवत नाही. ते रोज बघता बघता आत जातं आणि एक दिवस आपलंच मत होऊन बसतं. वहिनी तर ते चित्र दिवसातून कितीदा बघत होती. दुपारी घर रिकामं असलं की म्हणायची, "वन्सं, ती वळ वाचा की येकदा." मी वाचायची. ती पोटावर हात ठेवून ऐकायची.

बाळ झालं ते बाजरीच्या काढणीत. मुलगा. लांबोडका, बारीक, डोकं भरून जावळ आणि रंगाने थेट वहिनी. शेजारची गंगूमावशी बघायला आली आणि दारातच हसली. "चार म्हैनं देव बघितलास आन उतरलं हे व्हय गं शेवंते? कोळशावानी!"

आई म्हणाली, "आगं, किस्न काळाच हुता. ह्यांनी चित्रात त्याला चुना फासलाय."

सगळ्या हसल्या. वहिनीही हसली. पण हसणं संपल्यावर तिने आधी बाळाकडे बघितलं आणि मग तसबिरीकडे, ते मी बघितलं. आणि चुन्याचं बोलणारी माझी आई दुसऱ्याच दिवशी साय-हळद कालवून बाळाचं अंग जरा जास्तच चोळत होती.

बाळंतिणीच्या खोलीला त्या दिवसांत एक वास होता, ओव्याच्या धुरीचा, शेगडीतल्या निखाऱ्यांचा, भाजलेल्या बाळंतशेपांचा. मला तो फार आवडायचा. मी बाजेखाली बसून वाती वळायची आणि वर बाळ चुटुचुटु दूध प्यायचं. पहिले दिवस असे सुखाचे गेले. मग दादा रजेवर आला आणि त्याने पिशवीतून निळा डबा काढला. चित्रातला डबा, खराखुरा! युद्धाचे दिवस होते, बाजारात अशा वस्तू दिसतही नव्हत्या, कॅम्पात कोणा साहेबाच्या ओळखीने त्याला असे दोन-तीन डबे मिळाले होते. आई त्या डब्याकडे बघतच राहिली. तिने तो देव्हाऱ्यात ठेवला, ओवाळला, तसबिरीला टेकवला आणि मगच उघडला. भुकटी पिवळसर होती. पाण्यात कालवल्यावर दूध असं दाट झालं की बोंडल्याच्या चोचीतून ते हळूहळू उतरायचं. बोंडलं म्हणजे बाळाला पाजायची छोटी चोचीची वाटी, आमची पितळेची होती.

त्या दिवशी वहिनीने एक गोष्ट केली. सगळे बाहेर गेल्यावर तिने स्वतःचं दूध तळहातावर पिळलं आणि माझ्यापुढे हात धरला. निळसर, पातळ. मग बोंडल्यातलं दाखवलं. "बघा वन्सं. माझं पान्यावानी हाय. ह्यानं पोराला काय बाळसं धरनार?" मी दोन्ही बघितली. जे डोळ्यांना दिसत होतं ते तिचं खरं ठरवत होतं. मी काहीच बोलले नाही. हातात कागद नव्हता.

आधी दुपारचं एकदा डब्याचं सुरू झालं, मग सकाळचंही. बाळाला पहिल्या आठवड्यात थोडं मांसही चढल्यासारखं वाटलं, आणि वहिनी खुलली. दादा गेला, डबे राहिले. एक दिवस मी न्हाणीमागे गेले तर वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी होती. छाती दोन्ही हातांनी दाबत होती आणि दुधाच्या धारा दगडावर पडत होत्या. मला बघून दचकली. "कुनाला सांगू नका हां. खराब झालंय त्ये. आत ऱ्हायलं तर गाठी व्हतील." तिने वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि पांढरं पाणी मोरीतून परसात गेलं. तिथल्या अळूला ते मिळालं.

मग बाळाला ढाळ लागले. सुरुवातीला आई म्हणाली दात येताना होतं, पण दात यायला अजून किती अवकाश होता. दोरीवर दुपट्यांची रांग वाळत असायची आणि ती वाळायच्या आत पुन्हा धुवावी लागायची. पाणी आम्ही कालव्याचंच भरत असू, कळशीतून घेऊन त्यातच भुकटी कालवत असू. उकळायचं असतं हे आमच्या गावीही नव्हतं. डब्यावर बारीक अक्षरांत काही होतं, पण ते इंग्रजीत. तेवढ्यात दादाचा निरोप आला की आता डबे मिळत नाहीत, दिवाळीनंतर बघू. वहिनीने डबा हलवून बघितला. त्या दिवसापासून ती भुकटी कमी आणि पाणी जास्त घालू लागली, म्हणजे डबा पुरेल. बोंडल्यात नुसतं पांढरं पाणी दिसायचं. पण ते डब्यातलं होतं.

बाळ जसं सुकत गेलं तसं तसबिरीवर कुंकू वाढत गेलं. आईने मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. यशोदेला नवस बोलली. बाळाची टाळू खोल गेली होती, वाटीसारखी. माझं सगळं लक्ष त्याच्या रडण्याकडे असायचं. आधी ते सगळं घर दणाणून सोडायचं. मग ते बारीक होत होत मांजरीच्या पिलासारखं झालं. आणि एका सकाळी ते मांजरीचं पिलूही गप्प झालं. तोंड उघडायचं, पण आवाज नाही. आबा ओसरीवर दोर वळत बसले होते. त्यांनी दोर बाजूला ठेवला आणि उठले. म्हणाले, "गाडी जुपतो. बेलापूरला डाक्तर हाय."

दवाखान्यात ओळीने माणसं बसली होती. डॉक्टर थकलेले होते, चष्मा कपाळावर. त्यांनी बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली, तर ती तशीच उभी राहिली. आमच्या तिघींच्या डोळ्यांसमोर.

"अंगावर पाजता का?"

वहिनीचा पदर नाकापर्यंत होता. आई म्हणाली, "डब्याचं देतो साह्यब. चांगल्यातलं."

"अंगावर पाजा," ते म्हणाले. "पाणी उकळून, गार करून, चमच्याने देत राहा. आज-उद्या दूध पोटात टिकलं तर टिकेल पोर. यापलीकडे माझ्याकडे काही नाही." त्यांनी एक पुडी दिली आणि पुढच्याला हाक मारली.

वहिनीने मान हलवली होती. पण पायरीवर आल्यावर ती आईला हळूच म्हणाली, "आत्याबाई, पोर आधीच येवढं झालंय. माझं नासकं पाजलं तर हातचं जाईल." आईने नुसतं बाळाचं दुपटं सारखं केलं. तिलाही तेच वाटत होतं. मला कळलं की घरी गेल्यावर पुन्हा डबाच उघडणार.

गाडी पिंपळाखाली सोडली होती. आईने माझ्या हातात चिंधीत बांधलेली चिल्लर दिली आणि मण्यारचाचाच्या दुकानातून बाळाच्या मनगटाला काळे मणी आणायला सांगितलं, दृष्टीसाठी. मी एकटी कधी दुकानाची पायरी चढले नव्हते. मण्यारचाचा म्हातारे, मेंदी लावलेली दाढी, बायांची चेष्टा करत बांगड्या भरायचे. एका बाईचा हात त्यांच्या हातात होता. "हात ढिला सोड गं, मी काय चोर पकडलाय का?" बाया खिदळत होत्या. मी कोपऱ्यात उभी राहिले आणि वर बघितलं.

भिंतीवर यशोदा होती.

तोच शालू, तीच नथ. मांडीवर तोच गुलाबी कृष्ण. मागे तीच गाय, तोंड फिरवलेली, आणि तेच रिकामं मडकं. पण हातात निळा डबा नव्हता. तिथे केसांच्या तेलाची हिरवी बाटली होती. मला आधी वाटलं की मी चुकतेय. मी जवळ गेले. दुसऱ्या हातात चांदीचा चमचा तसाच होता. तेलाच्या बाटलीशेजारी चमचा! चितारी तो बदलायला विसरला होता. खाली ओळ होती. मी ती दोनदा वाचली.

"क्या बेटी, बांगडी भरायची?"

"मणी," मी म्हणाले. चाचांनी काळे मणी काढून दिले. मी ते घेतले आणि तिथेच उभी राहिले. बाया माझ्याकडे बघायला लागल्या. शेवटी मी बोट वर केलं. "ते चित्र."

"चित्र मी विकत न्हाई बेटी. मी बांगड्या विकतो."

एक बाई म्हणाली, "पोरीला नवरा बघितलाय वाटतं, आतापासनं बाळकिस्न मागतीया!" सगळ्या हसल्या. दुसरी कोणती वेळ असती तर मी पळून गेले असते आणि जन्मात त्या गल्लीत पाऊल टाकलं नसतं. मी म्हणाले, "आमचं बाळ मरतंय." हे मी इतकं मोठ्याने म्हणाले की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. चाचांनी विचारलंही नाही की बाळाचा आणि चित्राचा संबंध काय. उठले, खिळ्यावरून चित्र काढलं, गुंडाळी करून माझ्या हातात दिली. "साल सरलंय त्याचं. ने."

परतीच्या वाटेवर मी ती गुंडाळी पोटाशी धरून बसले होते. आईने बाळाच्या मनगटाला मणी बांधले. मनगट इतकं बारीक की दोरा दोनदा गुंडाळावा लागला. ऊन कलतं होतं. कालव्यातून शेताकडे फुटलेल्या चारीवर आबांनी गाडी उभी केली, बैलांना पाणी दाखवायला. वहिनीने गाठोड्यातून डबा काढला, बोंडलं काढलं, तळाशी राहिलेली भुकटी बोटाने खरवडली आणि चारीचं पाणी घ्यायला आईकडे तांब्या दिला. तेव्हा मी गुंडाळी उलगडून तिच्या मांडीजवळ पसरली.

"वयनी, हे बघा."

तिने बघितलं. आधी काहीच कळलं नाही तिला, देवाचं चित्र दिसलं म्हणून हात जोडायला गेली. मग तिचा हात तसाच राहिला.

"डबा कुठंय?" ती म्हणाली.

"न्हाई. बाटली हाय. केसाच्या तेलाची."

आई तांब्या घेऊन वाकली. "आन ह्यो चमचा कशाला? तेल काय चमच्यानं पाजतीया व्हय लेकराला?"

"खाली काय लिवलंय?" वहिनीने विचारलं.

मी वाचलं. "ज्या गृहिणीला आपल्या केसांची खरी काळजी आहे, तिच्या घरी ही बाटली असतेच."

ती ओळ आम्हा तिघींना पाठ होती, फक्त आतले शब्द बदलले होते. मग आईच्या तोंडातून जे आलं ते शिवीसारखं आलं. "आज डबा, उद्या बाटली. परवा ह्ये मेले तिच्या हातात खेटरबी देतील. आन म्या त्याला कुक्कू लावत बसले!"

पण वहिनी आईचं ऐकत नव्हती. ती चित्रावर बोट फिरवत होती, पदरावरून, गाईवरून, मडक्यावरून. "वन्सं, माझं दूध खराब हाय, ह्ये मला कुनी सांगितलं?"

मी आईकडे बघितलं.

"तुमी सांगितलं का?"

"न्हाई."

"आत्याबाई, तुमी?"

"म्या कशाला सांगू?" आई म्हणाली. "म्हंजी, मलाबी वाटत हुतं. पर म्या बोलले न्हाई."

"डाक्तर तर पाज म्हनला. ह्यांनीबी कदी म्हटलं न्हाई. गंगूमावशी रंगाला बोलली, दुधाला न्हाई बोलली." ती एकेकाचं नाव घेऊन आठवत होती, आणि एकेक नाव गळत होतं. "मंग कुनी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. इतक्या दिवसांत एकाही जिवंत माणसाने तिला ते सांगितलं नव्हतं. ती आमच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तेवढ्यात बाळाने मान हलवून तोंड उघडलं, आवाज न करता. वहिनीच्या चोळीवर दोन ओले डाग उमटले. मी ते बघितले, आईने बघितले, आणि वहिनीने खाली मान घालून बघितले.

तिने बोंडलं बाजूला ठेवलं. मग ती थबकली, कारण पुढे गाडीवानाच्या जागी आबा बसले होते. सुनेने मामंजींसमोर पदरही सरकवायचा नसतो, असे ते दिवस. ती आईकडे बघू लागली. आईने काही म्हणायच्या आत आबा खाली उतरले. आमच्याकडे न बघता बैलांपुढे गेले आणि पाठ करून उभे राहिले.

वहिनीने बाळाला पदराखाली घेतलं. त्याला तोंडच धरता येईना. ओठ लागायचे आणि सुटायचे. दूध त्याच्या हनुवटीवरून ओघळलं. आई म्हणाली, "डोस्कं वर धर, वर धर जरा." वहिनी म्हणाली, "धरतोय कुठं, विसरलाय तो." मी तिच्या कोपराखाली माझे हात दिले. बाळ डोळे मिटून पडलं होतं. त्याच्या नाकपुड्या हलतात की नाही हे मी बघत होते. वहिनीने बोटाने चार थेंब त्याच्या जिभेवर पिळले. ते तोंडातच राहिले. आत गेले की नाही, कळेना. आम्ही तिघीही वाकून ऐकायला लागलो, पण बैल माना हलवत होते आणि त्यांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा एकसारख्या वाजत होत्या.

"आवं, वाजतंय त्ये!" आई कळवळून म्हणाली.

आबांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांनी एक हात एका बैलाच्या गळ्याला घातला, दुसरा दुसऱ्याच्या, आणि दोन्ही माळा मुठीत आवळून धरल्या.

सगळं थांबलं. चारीचं पाणी तेवढं वाहत होतं. वहिनीने बाळाला पुन्हा छातीशी घेतलं. बराच वेळ काही झालं नाही. मग त्या काटकुळ्या गळ्यात काहीतरी वर आलं आणि खाली गेलं, आणि आवाज झाला, अगदी बारीक, पाण्यात खडा पडावा तसा. पुन्हा झाला. मग जरा वेळाने पुन्हा.

"गिळतंय," आई म्हणाली.

ऊन उसावरून उतरलं तरी आबा तसेच पाठमोरे उभे होते, दोन्ही मुठी आवळून, आणि बैलांशी हळू आवाजात काही बोलत होते.